बरोबर चुकलेलं

छापखान्यात त्यांना सगळे रफार म्हणत. रफार जसा कुठल्याही अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तसे हे मुद्रितशोधक कुणाच्याही. नाव कुणी ठेवलं याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. एकदा फक्त त्यांच्या टेबलावर कुणीतरी खडूनं 'रफर' लिहून ठेवलं होतं, तेव्हा मुकाट्यानं तेवढा काना देऊन ते कामाला बसले.

एकतीस वर्षं प्रुफं वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांना सुट्टी म्हणून नसते. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर आधी तपासायचा, मग औषध घ्यायचं, अशी त्यांची रीत. कागदापुरतं हे चालून जात होतं. पण मुलानं आपला जुना संगणक त्यांना दिला, रफार इंटरनेटवर गेले आणि घरातली शांतता गेली. बातम्यांत 'परिक्षा', पाककृतीत 'हळुहळु', आरोग्याच्या सल्ल्यात 'तज्ञ', आणि 'आणी' तर बघावं तिथे. ते पडद्याशी तावातावानं भांडायचे. "अहो, दुसरी नाही! पहिली! पहिली!" असा ओरडा आला की आतल्या खोलीतून सून विचारायची, "बाबा, कोण आलंय?"

"कुणी नाही. हवामानाचा अंदाज वाचतोय."

सून संगणकाच्या धंद्यातली. कानाला यंत्र लावून ती घरूनच काम करायची. एकदा भर बैठकीत तिच्या साहेबांनी विचारलं, की मागे कोण सारखं पहिली पहिली म्हणतंय, कुणाचा निकाल लागला का? त्या रविवारी तिनं सासऱ्यांच्या संगणकाचा ताबा घेतला.

ब्राउझरला जोडायच्या लहानसहान करामती असतात आणि त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात, हे रफारांना त्या दिवशी कळलं. एकीनं जाहिराती गेल्या. दुसरी त्या कुकीवाल्यांसाठी. प्रत्येक दारात उभं राहून 'तुमची संमती आहे का' म्हणून विचारणाऱ्या त्या टोळक्याला ती परस्पर 'नाही' सांगून वाटेला लावायची. तिसरीनं अक्षर मोठं आणि पान मोकळं झालं. चौथीनं त्यांनी उघड्या टाकलेल्या सत्तेचाळीस टॅबना झोपवलं.

"हे उत्तम झालं," रफार म्हणाले. "पण कचरा गेला, चुका तशाच आहेत."

सुनेनं जरा विचार केला आणि आणखी एक अ‍ॅड-ऑन बसवलं. त्याचं काम एकच. डावीकडे एक शब्द लिहायचा, उजवीकडे दुसरा. कुठल्याही पानावर डावा शब्द आला की हे त्याच्या जागी उजवा दाखवणार.

"म्हणजे जगातल्या चुका सुधारतात?"

"जगातल्या नाही हो बाबा. फक्त तुमच्या पडद्यावरच्या. बाकीच्यांना जे आहे तेच दिसणार."

"तेवढं पुरे आहे," रफार म्हणाले. बाकीच्यांशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

पहिला नियम त्यांनी मोठ्या हौसेनं घातला: 'कि' दिसलं की 'की' कर. पाचव्या मिनिटाला सगळ्या इंटरनेटवर 'किती'चं 'कीती' झालं, 'किल्ला'चं 'कील्ला', आणि रफारांचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या हातून एवढी चूक उभ्या आयुष्यात झाली नव्हती. सुनेनं 'पूर्ण शब्दच' अशी एक चौकट दाखवली, तिच्यात खूण केली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. मग ते रोज सकाळी दोन तास बसून नियम घालायला लागले. विभक्तीची रूपं वेगळी, सामान्यरूपं वेगळी. अडीच महिन्यांत अकराशे अठ्ठेचाळीस नियम झाले. ओरडा थांबला. रक्तदाब उतरला. सुनेच्या बैठका सुरळीत झाल्या. आणि नाकावरचा चष्मा जसा विसरायला होतो, तसे रफार ते अ‍ॅड-ऑन साफ विसरून गेले. सहा महिन्यांनी तर ते सुनेला म्हणाले, "काही म्हण, लोकांचं शुद्धलेखन हल्ली सुधारलंय." सुनेच्या कानाला यंत्र होतं. तिनं नुसती मान हलवली.

छापखान्यातली प्रुफं मात्र अजून कागदावरच यायची, त्यामुळे इतके दिवस सगळं निभावलं. मग मालकांच्या डोक्यात नवी पद्धत शिरली. मजकूर आता ब्राउझरमध्येच वाचायचा आणि पानाखालच्या चौकटीत शेरा टाकायचा. या पद्धतीनं आलेलं पहिलं पुस्तक एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. नाव 'चुकांची वही'. अडतीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवताना बाईंनी मुलांच्या वह्यांतल्या चुका टिपून ठेवल्या होत्या. डावीकडच्या रकान्यात मुलानं लिहिलेला शब्द, उजवीकडे बरोबर शब्द, आणि खाली ती चूक का झाली याची एकदोन वाक्यं.

"रफार, शुक्रवारपर्यंत तुमचा शेरा हवा," मालक म्हणाले. "तुम्ही 'योग्य' म्हणालात तर त्याच्या पुढच्या सोमवारी छपाईला घेतो. नाही म्हणालात तर त्या जागी रंगवायच्या चित्रांचं पुस्तक तयार आहे. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ती पूर्वदिशा."

सोमवारी सकाळी चहाचा पेला बाजूला ठेवून रफारांनी घरच्या संगणकावर पुस्तक उघडलं. डावीकडे 'परीक्षा', उजवीकडे 'परीक्षा'. डावीकडे 'सूर्य', उजवीकडे 'सूर्य'. त्यांनी चष्मा पुसला. पुढचं पान: 'खूप', 'खूप'. खाली लिहिलं होतं, 'ही मुलगी फार काटकसरी. खूप असलं तरी कमीच लिहायची.' रफारांनी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यापुढे 'बहीण', आणि समोर पुन्हा 'बहीण'. खाली: 'माझी बहीण धाकटी आहे, म्हणून तिला धाकटी वेलांटी दिली, असं त्याचं म्हणणं पडलं.' धाकटी वेलांटी शोधायला रफारांनी पडद्याला नाक लावलं. वेलांटी चांगली थोरली होती.

एकशे बारा पानं त्यांनी नेटानं वाचली. एकशे बारा पानांत एक चूक सापडेना. प्रत्येक चूक अगदी बिनचूक होती. रफारांचं डोकं फिरलं. शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी लिहिलं: 'दोन्ही रकाने तंतोतंत सारखे आहेत. चुकांच्या पुस्तकात चूकच नाही. लेखिकेला चूक करता येत नाही आणि आपण ती केलेली नाही हेही त्यांच्या लक्षात आलेलं नाही. छपाईस अयोग्य.' एवढा कडक शेरा त्यांनी आजवर कुणावर मारला नव्हता, पण मारल्यावर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंची ईमेल आली. रफारांना ती अशी दिसली: 'महोदय, मी डावीकडे "बहीण" असे लिहिले असून उजवीकडे "बहीण" असे लिहिले आहे. एवढा ढळढळीत फरक आपल्यासारख्या अनुभवी माणसाला दिसू नये याचे आश्चर्य वाटते. तसेच डावीकडे "सूर्य" आहे व उजवीकडे "सूर्य". दोन्ही एकच, असे आपण कोणत्या आधारावर म्हणता?'

रफारांनी ईमेल वाचली, पुन्हा वाचली आणि सरळ फोन लावला.

"नमस्कार. मुद्रितशोधक बोलतोय."

"बोला," बाई म्हणाल्या. आवाजात वर्गात उभं करण्याची ताकद अजून होती.

"बाई, 'बहीण'मध्ये तुम्ही कुठली वेलांटी दिली आहे?"

"डावीकडे पहिली. उजवीकडे दुसरी."

"मला दोन्हीकडे दुसरीच दिसते."

"पुन्हा बघा."

"बघतोच आहे. समोरच आहे."

"अहो, ऱ्हस्व आहे ती!"

"दीर्घ आहे, बाई! मी एकतीस वर्षं वेलांट्याच बघतोय!"

"आणि मी अडतीस वर्षं शिकवतेय!"

दोघंही दमले. मग रफारांनी शेवटचा घाव घातला. पान छापूनच बघू म्हणून त्यांनी बटण दाबलं, यंत्रातून गरम कागद बाहेर आला, तो डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "हे बघा, कागदावर आलंय. कागद तर खोटं बोलत नाही ना? 'बहीण', 'बहीण'. दोन्ही दीर्घ." छापायचा मजकूर ब्राउझरकडूनच येतो आणि तोही सुधारूनच येतो, हे त्यांच्या गावी नव्हतं.

फोनवर कळफलकाची टकटक ऐकू आली.

"कागदावरही?" बाई अखेर म्हणाल्या. आता तो वर्गातला आवाज नव्हता. "मला तर इथे पहिलीच दिसतेय. म्हणजे मग माझंच काही... अलीकडे मी किल्ल्या विसरते. दूध उतू जातं. लेक म्हणतेच, आई, आता पुरे कर. तुम्ही स्पष्ट सांगितलंत हे चांगलं केलंत. मी पुस्तक परत घेते. तसं तुमच्या मालकांना कळवते."

त्यांनी फोन ठेवला. रफार जिंकले होते आणि त्यांना कसंतरीच होत होतं. दुपारी जेवण गेलं नाही. एक बाई स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून देते, तीही आपण सांगितलं म्हणून, हे त्यांना काही केल्या गिळवेना. आणि मग त्याहून वाईट विचार आला: डोळे तिचे ठीक असले आणि आपलेच गेले असले तर?

बुधवारी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अंधार केला, भिंगं बदलली, तक्ता वाचायला लावला. रफारांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि वर सांगितलं की चौथ्या ओळीत दोन अक्षरांमधलं अंतर जास्त पडलंय.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचा त्रास असला तर बाकीच्यांना असेल."

बाहेर येऊन ते बाकावर बसले. आता काय करावं सुचेना. समोरच्या भिंतीवर पाटी होती: 'रुग्णांनी शांत रहावे.' रफार सवयीनं पुटपुटले, "राहावे." शेजारी दुसरी पाटी: 'तज्ञ डॉक्टर उपलब्ध.' "तज्ज्ञ. ज ला ज्ञ." समोर बसलेल्या माणसाच्या हातातल्या पत्रकावर लांबूनसुद्धा 'शिर्षक' दिसलं. तीन मिनिटांत तीन चुका. म्हणजे भिंतीवर चुका दिसतात. लोकांच्या हातात दिसतात. फक्त घरच्या पडद्यावर दिसत नाहीत. गेले आठ महिने एकही...

"पूर्ण शब्दच!" रफार एवढ्यानं ओरडले की पत्रकवाल्याच्या हातातलं पत्रक पडलं. शांत रहावे, असं लिहिलेल्या पाटीखाली त्यांनी हे केलं.

घरी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. सुनेनं बैठक अर्धवट टाकली, ब्राउझरच्या कोपऱ्यातला लहानसा कप्पा उघडला आणि ते अ‍ॅड-ऑन दाखवलं. शेजारी आकडा होता: या पानावर चारशे सहा शब्द बदलले.

"बाबा! तुम्ही हे चालू ठेवून चुकांचं पुस्तक तपासलंत?" सुनेनं तोंडावर हात धरला, पण हसू काही थांबेना.

"हस," रफार म्हणाले. "हस पोटभर. आणि ते बंद कर."

तिनं बंद केलं. पान एकदा लुकलुकलं आणि सगळ्या चुका परत आल्या. 'परिक्षा' आली, 'सुर्य' आला, आणि 'बहिण' खरंच एवढीशी, धाकट्या वेलांटीची. रफारांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. 'परिक्षा'खाली होतं, 'याला ती लवकर संपवायची होती.' एका मुलीनं 'घड्याळ'ऐवजी 'घडाळ' लिहिलं होतं, कारण घरातलं घड्याळ अर्धंच चालायचं. ते आधी गालात हसले, मग मोठ्यानं. सून दोनदा दारात येऊन बघून गेली. एकतीस वर्षं ज्या गोष्टीला ते शत्रू समजत होते, तिच्या आत एवढी माणसं राहतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते बाईंच्या घरी गेले. दार बाईंनीच उघडलं. खोलीभर जुन्या वह्यांच्या चवडी सुतळीनं बांधून ठेवलेल्या होत्या.

"रद्दीवाला येणार आहे," बाई म्हणाल्या. "बसा. मी दोन दिवस स्वतःची परीक्षा घेतेय. मुळाक्षरं आली. महिने आले. पाढे अठ्ठावीसपर्यंत आले. एकोणतीसचा मधेच अडला."

"तो सगळ्यांचाच अडतो, बाई."

"माझा अडत नसे."

रफारांनी सगळं सांगितलं. अ‍ॅड-ऑन म्हणजे काय, अकराशे अठ्ठेचाळीस नियम, 'कीती', डोळ्यांचे डॉक्टर, सगळं. काही लपवलं नाही. "तुमचं काहीही बिघडलेलं नाही. तुमच्या मुलांच्या चुका मी पुसत होतो आणि त्या दिसत नाहीत म्हणून तुम्हालाच दरडावत होतो."

बाईंना हसू येईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "मीही आयुष्यभर त्या लाल शाईनं पुसल्याच," त्या म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर वाटलं, एकदा तरी कुणी त्या जपून ठेवाव्यात. तर तुम्ही आलात." मग त्यांनी पदराला हात न लावता, सरळ त्यांच्याकडे बघत डोळ्यांतलं पाणी येऊ दिलं. "दोन दिवस, अहो! दोन दिवस मी माझंच नाव पुन्हा पुन्हा लिहून बघितलं."

रफारांना मान वर करवेना. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच मालकांना लावला.

"मालक, बाईंच्या पुस्तकाचं. माझा शेरा चुकला. चूक माझी आहे."

मग मालकांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

"मीच. रफार."

"रफार? बरं वाटत नाहीये का?"

तेव्हा मात्र बाईंना हसू फुटलं. रंगवायच्या चित्रांचं पुस्तक सोमवारी यंत्रावर चढणार असं ठरून गेलं होतं. रफारांनी विनवण्या केल्या, मालकांनी कुरकुर केली, आणि शेवटी सौदा असा ठरला की छपाईची प्रुफं शनिवारी एका दिवसात तपासून झाली पाहिजेत. कागदावर. रफारांनी स्वतः. वाटेत रद्दीवाला भेटला, त्याला त्यांनी परत पाठवलं.

शनिवारी बाई छापखान्यात येऊन रफारांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. काम उलटं होतं. डावीकडचा शब्द नीट चुकला आहे ना, ते बघायचं. 'परिक्षा', हो, चुकली. 'सुर्य', चुकला. रफार एकेका चुकीपुढे बरोबरची खूण करत होते आणि दर खुणेला त्यांचा खांदा जरासा उडत होता. चार वाजता ते शेवटच्या पानावर आले आणि थांबले. डावीकडे 'आणि'. उजवीकडे 'आणि'. जुळणीच्या यंत्रालाही शुद्धलेखन येत होतं, आणि एवढा एक शब्द त्यानं कुणाला न विचारता सुधारून टाकला होता.

"इथे दुसरी हवी," बाई म्हणाल्या.

रफारांनी लाल पेन उचललं. कागदावर टेकवलं. हात पुढे जाईना. बरोबर लिहिलेला 'आणि' त्यांनी जन्मात खोडला नव्हता.

"तुम्हीच करा ना, बाई."

"मुद्रितशोधक तुम्ही आहात."

"खाली याचं कारण लिहिलेलं नाही," रफार वेळ काढत म्हणाले. "बाकी सगळ्यांचं आहे."

"त्याचं कारण मला कधी पटवून खोडता आलं नाही, म्हणून लिहिलं नाही. पहिलीतला मुलगा होता. मी म्हटलं, अरे, 'आणि'ची वेलांटी पहिली असते, णच्या मागे. तो म्हणाला, बाई, 'आणि' म्हटल्यावर पुढे जायचं असतं ना? मग वेलांटी मागे का काढायची?"

नियम रफारांना पाठ होता, पोटनियम पाठ होता, अपवादही पाठ होते. त्यांनी णच्या मागची वेलांटी एका रेघेत खोडली आणि पुढे दुसरी काढली, चांगली ठळक. शेजारी समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'असेच ठेवावे.'